लसणाची जागा

शेषमापक नावाचं यंत्र आलं आणि एक जुनं भांडण कायमचं मिटलं, असं निदान पुण्यात तरी सगळ्यांना वाटलं. कला कशाला म्हणायचं आणि डिझाइन कशाला, यावर आजवर जेवढा चहा प्यायला गेला तेवढ्यात खडकवासला भरलं असतं. खुर्ची हे डिझाइन, चित्र ही कला, इथवर सगळ्यांचं जमायचं. मग कुणीतरी विचारायचं, "आणि पैठणीच्या पदरावरचा मोर?" की झालं. चहा संपायचा, माणसं उठायची, मोर तिथेच.

कृतिनोंद कायदा आला तेव्हा मात्र चहावर भागेना. कायद्यानं ठरवलं, की एखादी वस्तू कला ठरली तर करणाऱ्याचं नाव तिला कायमचं चिकटणार. कुणाला नक्कल करायची तर त्याला विचारावं लागणार आणि त्याचं नाव छापावं लागणार. डिझाइन ठरली तर दहा वर्षांनी ती जगाला मोकळी. आणि करणारा कोण हेच ठाऊक नसेल तर पहिल्या दिवसापासून मोकळी. म्हणजे मोराला कुठल्या पंगतीत बसवायचं हे आता कुणीतरी सांगणं भाग होतं. ते काम शेषमापकाकडे आलं.

त्याची युक्ती शाळेतल्या वजाबाकीइतकी सोपी होती. यंत्र आधी वस्तूचा केसाएवढ्या बारकाव्याचा नकाशा घेई. मग ती वस्तू आपल्या पोटातल्या पोटात लाखो वेळा वापरून बघे, आणि दर वेळी तिच्यावरची एक रेघ, एक वळण पुसून टाकी. पुसल्यावर वस्तूचं काम बिघडलं तर ती रेघ उपयोगाची, ती वजा. मग परंपरेची वजाबाकी. देशभरातल्या जुन्या वस्तूंचा मोठा कोश यंत्राजवळ होता. जे त्यात आधीपासून आहे ते सगळ्यांचं, तेही वजा. मग हाताची चूक, जी एकदा होते आणि पुन्हा तशीच होत नाही, ती वजा. एवढं करून जे उरेल, ज्याचं काही काम नाही, जे कुणाकडून घेतलेलं नाही, जे चुकून झालेलं नाही आणि तरी करणाऱ्यानं पुन्हा पुन्हा केलेलं आहे, तो शेष. शंभरात वीसच्या वर शेष गेला की वस्तू कला. पहिल्याच वर्षी एका नामवंत चित्रकाराचं चित्र चारवर आलं आणि मुरूडच्या एका आजोबांची टोपली एकसष्टवर. चित्रकारांनी यंत्राला नावं ठेवली, टोपलीवाल्यांनी पेढे वाटले.

दगडाच्या वस्तूंचा कोश तयार केला होता डॉ. मीनल अभ्यंकर यांनी. कृतिनोंदीच्या केंद्रात त्या वरिष्ठ परीक्षक. त्यांचा प्रबंध जगभर वाचला गेला होता, आणि तो होता पाट्यावर. पाटा-वरवंटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही. मग छिन्नी-हातोडीनं त्याच्यावर पुन्हा बारीक टोचे पाडावे लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. साधी टाकी नुसती ठिपक्यांची असते. पण सोलापूर जिल्ह्यात काही पाट्यांवर टाकी माशांच्या आकारात असे, एकापुढे एक पोहणारे मासे. मीनलनं सिद्ध केलं, की माशाची पाठ जिथे वळते तिथे वाटण आपोआप पुन्हा मधे सरकतं आणि वरवंट्याचे फेरे एक तृतीयांशानं वाचतात. ज्याला लोक नक्षी म्हणत होते ते उत्तम डिझाइन होतं. या शोधावरच शेषमापकाची पहिली चाळणी उभी राहिली. प्रबंधासाठी मोजलेले चौदा पाटे तिनं कोशात घातले. पुढे रकाना होता: निर्माता. तिथे तिनं लिहिलं, अज्ञात.

चौदाही पाट्यांना टाकी तिच्या आईनं लावली होती.

मीनलचं माहेरचं नाव मैना धोत्रे. घर बार्शीचं, जात वडार, आई शेवंताबाई गल्लोगल्ली फिरून "टाकी लावाऽऽय टाकी" अशी हाळी देणारी. वडील खाणीत गेले ते परत आले नाहीत. आईनं एकटीनं मुलीला पुण्याच्या मोठ्या डिझाइन कॉलेजात धाडलं. तिथे मैनाची मीनल झाली, लग्नानंतर धोत्रेची अभ्यंकर. नवऱ्याला, अमोदला, बार्शी ठाऊक होती, पण नुसती नावानं. सासरी तिनं सांगितलं होतं, "आमचा दगडाचा व्यवसाय होता." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. सासूबाईंनी आपल्या मनानं त्याचा स्टोन क्रशर केला आणि मीनलनं तो तसाच चालू दिला. ती वर्षातून दोनदा बार्शीला जाई, एकटीच. लग्नानंतर आई कधी पुण्याला आली नाही. मीनलनं कधी ये म्हटलं नाही.

अशा बाईच्या टेबलावर एका सोमवारी फाइल आली. गृहशिला नावाच्या कंपनीनं नवा पाटा बाजारात आणला होता. मिक्सरला कंटाळलेल्या शहरात दगडी वाटणाची हौस परतली होती, हॉटेलवाले तर ते पाटीवर लिहीत. कंपनीचा पाटा यंत्रावर कोरलेला, माशांचा, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात तळव्याएवढी एक गुळगुळीत जागा. जाहिरातीत तिला नाव दिलं होतं 'लसूण-कट्टा'. या पाट्यावर हरकत घेणारीचं नाव फाइलीत पहिल्याच ओळीत होतं: शेवंता यल्लप्पा धोत्रे, वय अडुसष्ट, बार्शी. वकील फरिदा मुलाणी.

मीनलनं फाइल मिटली. पडद्यावर खालच्या बाजूला सोय होती: 'नातेसंबंधामुळे मी या प्रकरणातून बाजूला होत आहे.' त्यावर टिचकी मारली की पुढची ओळ उघडे: 'नाते लिहा.' ती ओळ तिनं तीनदा उघडली. तीनदा बंद केली.

दुपारी तिनं आईला फोन लावला.

"अम्मा, ती केस कुणी करायला सांगितली तुला?"

"फरिदानं. मुलाण्याची नात. लई हुशार पोरगी," शेवंताबाई म्हणाल्या. "ती म्हनली, आजी, तुमचा मासा कंपनीनं उचलला. म्या म्हनलं उचलू दे, मासा काय माज्या बाचा हाय? तर ती म्हनती, न्हाई, त्येच्यावर तुमचं नाव पायजे. मला बी वाटलं, आसावं. म्हातारपनी येवढी हाव झाली बग."

"ती केस आमच्या ऑफिसात आलीय. माझ्याकडे."

पलीकडे शेवंताबाईंनी कोंबड्यांना हाकललं.

"तुजं हापिस व्हय ते?" शेवंताबाई म्हणाल्या. "मग तू नगं घाबरू. म्या वळख न्हाई दावत. म्याडम म्हनीन."

मीनलनं यावर काहीतरी बोलायला हवं होतं. असं नको करूस, म्हणायला हवं होतं. पण तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं हे लक्षात येताच कानशिलं तापली. "जेवलीस का?" एवढंच तिनं विचारलं.

आईचं हे वळख न दाखवणं नवं नव्हतं. तेवीस वर्षांपूर्वी तिनं ते एकदा करून दाखवलं होतं.

फरिदानं पुराव्यासाठी घरोघरचे अकरा पाटे मागून आणले होते, आणि प्रत्येकासोबत टाकी कधी लावली याची चिठ्ठी. बुधवारी ते शेषमापकाखाली एकेक करून गेले. मीनल पडद्यासमोर बसली होती. माशांच्या पाठी उपयोगात वजा झाल्या. तिनंच शिकवलं होतं यंत्राला. माशांचे डोळे, शेपट्यांची मुरड, सगळे मासे डावीकडेच तोंड करून, यातल्या कशाचंही वाटणाशी देणंघेणं नव्हतं. पण तेही वजा झालं. परंपरेत. कारण कोशात चौदा अज्ञात पाटे होते आणि त्यांच्यावर अगदी हेच डोळे, हीच मुरड. अज्ञात म्हणजे सगळ्यांचं आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, एवढंच यंत्राला कळत होतं. शेवंताबाईंच्या कामातून यंत्र शेवंताबाईंचंच काम वजा करत होतं, आणि तसं करायला त्याला त्यांच्या मुलीनं सांगितलं होतं.

उरली कोपऱ्यातली ती जागा. अकराच्या अकरा पाट्यांवर एकाच ठिकाणी, एकाच आकाराची, एकही टोचा नसलेली. कोशातल्या चौदांवर ती नव्हती. यंत्रानं ती लाखो वेळा भरून बघितली आणि लिहिलं: 'जागा भरल्यास वाटण तीन टक्के सुधारते. जागा सोडण्याचे कारण सापडत नाही. निर्मात्याचा हेतू नोंदवा.'

मीनलनं चिठ्ठ्या तारखेनं लावल्या. सर्वांत जुना पाटा बार्शीचा नव्हता. चिठ्ठीवर फरिदाच्या अक्षरात होतं: पुणे, मुलींचं वसतिगृह, स्वयंपाकघर.

तिनं चिठ्ठी पालथी घातली. पण व्हायचं ते झालं होतं.

कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. आई न कळवता पुण्याला आली होती. मुलीला बघायचं, आणि आलोच आहोत तर चार पाट्यांना टाकी लावून एसटीचं भाडं काढायचं, असा तिचा सरळ हिशेब. वसतिगृहाच्या गल्लीत हाळी आली तेव्हा मीनल मैत्रिणींबरोबर फाटकातच उभी होती. मैत्रिणी हरखल्या. "ए, हिला थांबवा, हे लाइव्ह बघायला मिळणार!" त्यांनी स्वयंपाकघरातला पाटा ओढत आणला. आई खाली बसली. तिनं वर बघितलं, मीनलला बघितलं, मीनलच्या तोंडावर काय होतं तेही बघितलं. आणि नजर काढून घेतली.

एका मैत्रिणीनं घासाघीस केली. मीनल ऐकत उभी राहिली. जमीन खडबडीत होती, पाटा डगडगत होता. लहानपणी पाटा असा हलला की मैना समोर बसून कोपऱ्यावर तळवा दाबून धरायची. आई तळव्याच्या कडेकडेनं टोचे मारी, एकदाही तिच्या बोटाला लागलं नाही, आणि शेवटी हात उचलायला लावून तेवढी जागा भरून टाकी. त्या दिवशी आई सवयीनं म्हणाली, "ताई, जरा हात ठेवता का हितं?" ताई. कोणाकडे बघून म्हणाली ते कुणाला कळलं नाही, मीनलला कळलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

दुसऱ्याच कुणीतरी पायानं पाटा दाबला. आईनं टाकी लावली, पैसे घेतले आणि गेली. पाट्याच्या कोपऱ्यात एक जागा तशीच राहिली होती. "अहो, इथे राहिलं!" असं एक मुलगी मागून ओरडली, पण हाळी पुढच्या वळणावर गेली होती.

म्हणजे तेव्हापासून. तेवीस वर्षं, प्रत्येक पाट्यावर. कोशातले चौदा त्याआधीचे.

सुनावणी शुक्रवारी होती. अध्यक्षस्थानी केंद्राचे संचालक पेंढरकर, शेजारी परीक्षक म्हणून मीनल. समोर टेबलावर वसतिगृहातला पाटा आणि बाजूला शेषमापकाचा पडदा. शेवंताबाई नवं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसल्या होत्या. आत येताना त्यांनी सगळ्यांना सारखाच नमस्कार केला होता, मीनललाही.

कंपनीचे वकील बर्वे मऊ बोलणारे होते. "मासे तर परंपरेतलेच आहेत, कोशच सांगतो. ही कोपऱ्यातली जागाही सोयीची आहे. बायका तिथे लसूण सोलून ठेवतात. आमच्याकडे चाळीस घरांतली चित्रफीत आहे. म्हणजे उपयोग. आजीबाईंबद्दल आम्हाला आदर आहे, पण हे डिझाइन आहे. आणि चांगलं डिझाइन हे सगळ्यांचं असतं."

फरिदा उठली. "आजींनी ती जागा लसणासाठी सोडलेली नाही. लोक नंतर लसूण ठेवायला लागले. आजी, तुम्हीच सांगा. का सोडता ती जागा?"

शेवंताबाईंनी पाट्याकडे बघितलं. मग पलीकडच्या भिंतीकडे. मीनलकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ते न बघणं मीनलला तेवीस वर्षांपूर्वीइतकंच नीट ओळखता आलं.

"लसनालाच हाय की, सायेब," त्या म्हणाल्या. "आनि कशाला आसनार?"

फरिदा चपापली. "आजी, तुम्ही मला म्हणाला होता, की ते सांगण्यासारखं नाही..."

"म्हातारं मानूस काय बी बोलतं, पोरी. लसनाला हाय. लिवा."

बर्व्यांनी हात पसरले. पेंढरकरांनी पडद्याकडे मान वळवली. "मॅडम, हेतू नोंदवा. लसूण."

मीनलची बोटं पाट्याच्या नकाशावर होती. एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला की सगळं होतं तसं राहिलं असतं. खुर्ची, प्रबंध, सासूबाईंचा क्रशर. आई बार्शीला परत गेली असती आणि पुढच्या फोनवर जेवलीस का म्हणून तिनंच विचारलं असतं. मीनलला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिला वाटलं, समोरच्या सगळ्यांना ती दिसत असणार.

"लसूण नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ही जागा लसणासाठी नाही, सर. हा हाताचा आकार आहे. लहान मुलीच्या." ती उठून टेबलापाशी गेली आणि तिनं आपला तळवा त्या जागेवर ठेवला. तो मावला नाही. बोटं टोच्यांवर आली. "पाटा हलू नये म्हणून मुलगी हात ठेवायची. एकदा ठेवायला सांगितलं तेव्हा तिनं ठेवला नाही. त्या दिवसापासून बाईंनी ती जागा भरली नाही."

"हे तुम्हाला कसं माहीत?" पेंढरकरांनी विचारलं.

"मला... याची माहिती आहे. मी त्या वसतिगृहात होते. मी बघितलंय."

बघितलंय. तेवढ्यावरही ती अर्धीच बोलली. शेवंताबाई खाली बघून मान हलवत होत्या, नको नको अशी. पेंढरकरांनी हेतूच्या रकान्यात 'उपयोग नाही' अशी नोंद केली. यंत्रानं पुन्हा वजाबाकी मांडली. लसूण गेला, जागा शेषात आली.

पडद्यावर आकडा उमटला: सतरा.

"थोडक्यानं हुकलं," पेंढरकर हळहळले. ते मनानं वाईट नव्हते. "मासे परंपरेत जात आहेत, त्याला इलाज नाही. सॉरी, आजी."

"व्हय, चालतंय," शेवंताबाई घाईनं म्हणाल्या आणि उठायला लागल्या. "म्या म्हनलंच हुतं फरिदाला. चला."

अर्धं खरं बोलून भागलं असतं तर माणसाला किती बरं झालं असतं. मीनलनं टेबलाची कड धरली.

"सर, परंपरा चुकीची आहे."

"म्हणजे?"

"कोशातले ते चौदा पाटे. निर्माता अज्ञात असं आहे. ते अज्ञात नाहीत. ते सगळे यांनीच केलेत. मला तेव्हाही माहीत होतं. मी लिहिलं नाही, कारण नाव लिहिलं असतं तर पुढे कुणीतरी विचारलं असतं, या कोण. तुम्हाला त्या कशा भेटल्या. ही माझी आई आहे. मी मैना धोत्रे. हात न ठेवणारी मुलगी मीच. आणि हा जो मासा मी शोधला असं तुम्ही सगळे म्हणता, तो मी शोधला नाही. त्याच्या पाठीवर वाटण मधे सरकतं हे मला चौथीत असताना अम्मानं सांगितलं होतं. मी फक्त मोजलं."

पेंढरकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "डॉ. अभ्यंकर, खुर्चीत परत बसू नका. तिकडे बसा." आणि स्वतः उठून त्यांनी कोशातल्या चौदा नोंदी उघडल्या. रकान्यातला 'अज्ञात' पुसला. "आजी, पूर्ण नाव सांगा."

शेवंताबाईंनी नाव सांगितलं. यंत्रानं त्यांचेच मासे त्यांना परत केले. आकडा एक्केचाळीसवर येऊन थांबला.

फरिदानं आनंदानं आजींचे दोन्ही हात धरले. शेवंताबाईंनी ते सोडवून घेतले, आणि तरातरा मीनलकडे आल्या. आता जवळ घेतील असं फरिदाला वाटलं असावं.

"नोकरी घालवलीस व्हय गं, येडे?" त्या दबक्या आवाजात ओरडल्या. "म्या लसून म्हनलं हुतं की नीट! कुनी सांगितला हुता शानपना?"

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मीनल निलंबित झाली. तिच्या कोशाच्या जोरावर झालेले दगडाचे एकशे बारा निकाल पुन्हा उघडले, आणि त्यांतल्या किती अज्ञातांना नाव होतं हे आता शोधणं आलं. डॉक्टरेटची चौकशी लागली. वर्तमानपत्रांनी 'आईचा मासा' असा मथळा दिला. अमोद तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला सांगायचं होतंस. मी काय केलं असतं?" त्यानं काहीच केलं नसतं, हे मीनलला इतकी वर्षं ठाऊक होतं. लाज अमोदमुळे नव्हतीच. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे क्रशर नव्हता?"

महिन्याभरानं मीनल बार्शीला गेली. या वेळी अमोद सोबत होता. तो फरिदाकडे चहाला थांबला आणि ती पुढे झाली. टाकीचे घाव सोसले की दगडाचा देव होतो म्हणतात. धोत्र्यांच्या अंगणात देव कधी झाला नव्हता, पण आता पाट्यांची रांग लागली होती. गृहशिलेनं पाट्यावर नाव छापल्यापासून अस्सल हवा म्हणून लोक लांबून येत होते. शेवंताबाई एका नव्या पाट्यासमोर बसल्या होत्या. मीनलकडे बघून त्यांनी "आलीस?" म्हटलं आणि छिन्नी चालूच ठेवली.

मीनल त्यांच्या समोर मातीत बसली. म्हणाली, "अम्मा, त्या दिवशी गल्लीत..."

"ऱ्हाऊ दे."

"मी हात मागे घेतला."

"बगितलं म्या." टक टक टक. "रागानं न्हाई सोडली ती जागा. तितं छिन्नी न्यायची म्हनलं की हात जाईना. खाली तुजी बोटं हायती आसं वाटायचं. मग म्हनलं ऱ्हाऊ दे."

मीनल रडली. आईनं तिला रडू दिलं आणि दोन मासे पुरे केले. रडून झाल्यावर मीनलनं डोळे पुसून बघितलं, तर पाटा कोपऱ्यापर्यंत भरत आला होता आणि वरच्या उजव्या बाजूला तीच जागा तशीच सोडलेली होती. तेवढीच, लहान तळव्याएवढी.

"आता कशाला सोडतेस?" तिनं विचारलं. "आता मी आहे ना."

"हायेस की," शेवंताबाई म्हणाल्या. "पन लोकं मागत्यात. लसनाला."

पाटा थोडा डगडगला. मीनलनं पुढे सरकून हात ठेवला, सवयीनं, त्या जागेवर. तेवीस वर्षांनी तो हात तिथे आला होता. शेवंताबाईंनी हातोडी थांबवली, छिन्नीच्या बोथट टोकानं तिच्या बोटांवर हलकेच टकटक केलं.

"तितं नगं," त्या म्हणाल्या. "तितं लसून आसतोय. हिकडं धर."